सगळं नवीन घातलंय, तरी पेटंना : एका पद्मिनीच्या गेलेल्या ठिणगीचं प्रकरण

गाडी : प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी पेट्रोल, कार्बुरेटर, पॉइंटवाला डेल्को (डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग), केए-२२ पासिंग.
ठिकाण : खानापूर तालुका, जांबोटीच्या अंगाला.
तक्रार : सेल्फ मारला की इंजिन व्यवस्थित फिरतं, पण एकही सिलिंडर पेटत नाही.

गाडी जूनपासून दसऱ्यापर्यंत पत्र्याच्या शेडखाली उभी होती. शेडला तीन बाजूंनी भिंत नाही. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिथं चार महिने घरातल्या लोखंडी कपाटालाही घाम फुटतो, बॉनेटखालच्या पितळेचं काय होणार. खंडेनवमीला पूजेसाठी गाडी बाहेर काढायला गेल्यावर ती सुरू झाली नाही. गावातल्या मेस्त्रीनं पॉइंट (डेल्कोतले प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंटांवरची ठिणगी आवरणारा) बदलले. तरी नाही, म्हणून चारही प्लग बदलले. शेवटी कॉइलही (बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी) नवी बसली. मालकाचं म्हणणं एकाच वाक्यात होतं : "सगळं नवीन घातलंय की, अजून कसं पेटंना?"

हे वाक्य तक्रार म्हणून न घेता माहिती म्हणून घ्यायचं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत आपोआप बिघडतात एक-दोन गोष्टी. इथं हात लागला होता चार ठिकाणी. म्हणजे मूळ दोष कदाचित निघूनही गेला असेल आणि आता गाडी भलत्याच कारणानं बंद असेल, ही शक्यता पहिल्यापासून डोक्यात ठेवायला हवी होती.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. गॅरेजमध्ये प्लगच्या ठिणगीला 'करंट' म्हणतात आणि वायरमधून वाहतो त्यालाही 'करंट'च. इथं पहिल्याला ठिणगी आणि दुसऱ्याला प्रवाह म्हटलं आहे.

पहिली पंधरा मिनिटं

बॅटरी : उभ्या गाडीत १२.४ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ लागला तर आधी बॅटरी बघायची, पुढची सगळी मापं खोटी पडतात. इथं बॅटरी ठीक होती.

प्लग काढले तर ओले, पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटवणारं काही नाही. प्लग पुसून बाजूला ठेवले. ओल्या प्लगांवर सेल्फ मारत राहिलं तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. शिवाय प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना शेजारी ठिणगी पाडणं धोक्याचं. म्हणून थोडा वेळ वाफ जाऊ दिली, भोकांवर फडकं टाकलं आणि मगच ठिणगीची चाचणी घेतली.

कॉइलमधून डेल्को कॅपच्या मध्यभागी येणारी जाड वायर कॅपमधून उपसायची, इन्सुलेशनवाल्या पक्कडीत धरायची आणि टोक इंजिनच्या कोऱ्या धातूपासून ६ मिमीवर ठेवून सेल्फ मारायचा. इथं ठिणगी पडली तर दोष कॅप, रोटर (कॅपखाली फिरून एकेका प्लगला ठिणगी देणारा तुकडा) किंवा प्लग वायरींत. नाही पडली तर दोष कॉइल किंवा कॉइलच्या अलीकडे. टोक फार लांब धरू नये. बाहेर उडी मारायला जागा नाही मिळाली तर ते हजारो व्होल्ट कॉइलच्या आतच वाट शोधतात. इथं ठिणगी नव्हती, लालसरसुद्धा नाही. त्यामुळे कॅप आणि वायरींचा विचार तूर्त बाजूला.

याच वेळी एक गोष्ट हाताला लागली, अक्षरशः. चावी ऑन राहिली होती, इंजिन थांबलेलं होतं, आणि पाचेक मिनिटांनी कॉइलला हात लावला तर चटका बसला. इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले असतील तर कॉइल कोमट होतेच. पण इंजिन थोडं थोडं पुढं सरकवून तीनदा बघितलं, तिन्ही वेळा तीच गत. पॉइंट प्रत्येक वेळी नेमके मिटलेलेच सापडतील असं होत नाही. कॉइलमधून प्रवाह अखंड वाहत होता, तुटतच नव्हता.

ठिणगी प्रवाह वाहताना पडत नाही, तो तुटताना पडते. पॉइंट मिटले की कॉइलच्या प्रायमरीतून (जाड तारेच्या, कमी वेढ्यांच्या वेटोळ्यातून) प्रवाह वाहतो, पॉइंट उघडले की तो एकदम थांबतो, लोहगाभ्यातलं चुंबकत्व कोसळतं आणि सेकंडरीत (बारीक तारेच्या, पुष्कळ वेढ्यांच्या वेटोळ्यात) ठिणगी मारण्याइतका दाब, म्हणजे व्होल्टेज, तयार होतो. म्हणून 'कॉइलपर्यंत लाइट येतोय' एवढ्यावर समाधान मानणं म्हणजे विहिरीला पाणी आहे म्हणून नळाला येणारच असं म्हणण्यासारखं आहे.

टेस्ट लॅम्प कुठं लावायचा

मेस्त्रीनं टेस्ट लॅम्प लावला होता, पण कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर. तिथं तो पेटला आणि कॉइलला हिरवा कंदील मिळाला. खरी बातमी दुसऱ्या, डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलवर असते. लॅम्पचा एक पाय तिथं, दुसरा इंजिनला, आणि सेल्फ मारायचा.

लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करतायत, प्रायमरी ठीक. लॅम्प सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटूनही जुळत नाहीत, किंवा डेल्कोत जाणारी वायर तुटली आहे. लॅम्प सतत विझलेला राहिला तर एक तर कॉइलची प्रायमरी तुटली आहे, किंवा त्या टर्मिनलनंतर कुठं तरी वायर कायमची अर्थ झाली आहे, म्हणजे इंजिनच्या धातूला टेकली आहे.

इथं लॅम्प विझलेला. मीटरवर ०.१ व्होल्ट, सेल्फ मारतानाही तेवढाच. कॉइल तापते म्हणजे प्रायमरी तुटलेली नाही, हे चटक्यानं आधीच सांगितलं होतं. तरी खात्री करायला डेल्कोची वायर त्या टर्मिनलवरून सोडली. आकडा लगेच १२.४. मग एका तुकडा वायरीचं एक टोक त्या टर्मिनलला लावून दुसरं इंजिनला टेकवलं आणि झटक्यात उचललं. प्रत्येक उचलीला जाड वायरीच्या टोकाशी ठिणगी. कंडेन्सर सुटलेला असल्यामुळे बारीक, पण न चुकता. कॉइल कामाची आहे आणि दोष डेल्कोत किंवा त्याच्या वायरीत आहे, हे एकही पार्ट न बदलता ठरलं.

फायबरचं एक बुश

डेल्कोची सुटी वायर आणि डेल्कोची बॉडी यांत मीटर ०.३ ओहम दाखवत होता. मीटरच्या पिनांचाच ०.२ धरला तर हा थेट अर्थ. इंजिन फिरवून (प्लग काढलेले, गाडी चौथ्या गिअरमध्ये, हळू ढकलत) पॉइंट पूर्ण उघडे आणले. तरी ०.३. मिटलेल्या पॉइंटांत जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाची पट्टी सरकवली. तरी ०.३. प्रवाह पॉइंटांतून जातच नव्हता, त्यांना वळसा घालून अर्थ होत होता.

वळशाच्या जागा तीनच : आतून फुटलेला कंडेन्सर, डेल्कोच्या भिंतीतून वायर आत येते तिथलं इन्सुलेशन, किंवा पॉइंटची पट्टी जिथं नटाखाली बसते तो खांब. कंडेन्सर तपासायला त्याचा स्क्रू काढून बॉडी प्लेटपासून उचलून धरली. आकडा हलला नाही, म्हणजे कंडेन्सर निर्दोष. (त्याचा स्क्रू मात्र एका आट्यावरच धरून होता, ते पुढं येईल.) भिंतीतलं इन्सुलेशन शाबूत. राहिला खांब.

नट सैल करून वरच्या वायरीचा डोळा नखानं उचलला आणि मीटरवर ०.३ जाऊन ओएल (OL, म्हणजे जोडच नाही) आलं. नट पूर्ण काढल्यावर चूक उघडी पडली. हा खांब प्लेटला रिव्हेट केलेला, म्हणजे स्वतः अर्थ असतो. त्याच्यावर टोपीच्या आकाराचं एक इन्सुलेटिंग बुश येतं : वर कडा, खाली मान. कॉइलकडून येणाऱ्या वायरीचा डोळा, कंडेन्सरच्या वायरीचा डोळा आणि पॉइंटच्या स्प्रिंगचा डोळा, तिन्ही त्या मानेभोवती एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत आणि खांबाला किंवा नटाला कुठंही शिवता कामा नयेत. सर्वांत खाली आणखी एक फायबर वॉशर, स्प्रिंग प्लेटला टेकू नये म्हणून. या गाडीत बुश आधी बसवून वायरीचा डोळा त्याच्या कडेवर, थेट नटाखाली ठेवला होता. नट आवळला की वायर अर्थ. स्प्रिंग मात्र मानेभोवती इन्सुलेट झालेली, तिच्यापर्यंत प्रवाह पोचतच नव्हता. नवे पॉइंट उघडमीट करत होते, रिकामेच.

पॉइंट बदलताना होणारी ही सर्वांत नेहमीची चूक. कारणही साधं : सुटे पार्ट काढताना ते कोणत्या क्रमानं निघाले ते लक्षात राहत नाही आणि पुढ्यात असतो डब्यासारखा अंधारा डेल्को. काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घेतला की प्रश्न मिटतो.

क्रम नीट लावून नट आवळला. पॉइंटांत कागद असताना ओएल, म्हणजे अर्थ गेला. कागद काढून पॉइंट मिटू दिले, आता ०.२-०.३ यायला हवे होते. आले ४० ओहम.

नवे पॉइंट आणि त्यांचा तुपकट थर

नव्या पॉइंटांना गंजू नये म्हणून कंपनीतून पातळ थर देतात. बोटाला किंचित तुपकट लागतो. ४० ओहमला १२ व्होल्टवर प्रवाह ०.३ अँपियरही होत नाही आणि ठिणगीला लागतो ४ अँपियरच्या घरात. म्हणजे बुश बरोबर बसलं असतं तरी गाडी पेटली नसती. पेट्रोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटांतून चार-पाचदा ओढली, मग कोरडी पट्टी दोनदा. ०.२ ओहम. चावी ऑन, पॉइंट मिटलेले असताना त्यांच्या दोन बाजूंत ०.१२ व्होल्ट. ०.२ च्या आत असलं की चालतं. पॉलिश पेपर इथं वापरू नये, त्याचे कण टंगस्टनच्या तोंडात रुतून बसतात आणि पुढं तेच जळतात.

जुने पॉइंट मालकानं टाकले नव्हते, तंबाखूच्या डबीत ठेवले होते. मिटवून मापले तर ओएल, दाबून धरल्यावर कधी काही किलोओहम. तोंडावर करडी बुरशीसारखी साय. दसऱ्याला गाडी न पेटण्याचं मूळ कारण हेच. कॉन्टॅक्ट फाइलचे दोन हात आणि पेट्रोलची एक पट्टी, एवढ्यावर ते ०.३ ओहमवर आले. प्लग, कंडेन्सर, कॉइल यांतलं काहीही बदलायची गरज नव्हती.

नवी कॉइल, चुकीची कॉइल

आता टेस्ट लॅम्प लुकलुकू लागला आणि जाड वायरीवर ठिणगी आली, पण पिवळट, बारीक, ६ मिमीवरून चुकत-माकत. सेल्फ मारताना पॉइंटांच्या तोंडाशीही निळ्या ठिणग्या स्पष्ट दिसत होत्या. तिथं त्या दिसल्या की संशय कंडेन्सरवर जातो, आणि योग्यच जातो. कंडेन्सरची क्षमता ०.२२ मायक्रोफॅरड भरली, म्हणजे माल चांगला. बिघाड त्याच्या स्क्रूत होता. कंडेन्सरची एक बाजू वायर, दुसरी बाजू त्याची स्वतःची बॉडी. बॉडी अर्थ झाली नाही तर कंडेन्सर असून नसल्यासारखा. गंजलेल्या प्लेटवर आखूड स्क्रूनं तो लोंबकळत होता. प्लेट घासून कोरी केली, बरोबर लांबीचा स्क्रू घातला. पॉइंटांवरच्या ठिणग्या जवळजवळ गेल्या, जाड वायरीवरची निळी झाली, आणि आवाजही बदलला : आधी चुटपुट, आता टक्-टक्.

कॉइल इतकी तापते का, हा प्रश्न मात्र उरला होता. नव्या कॉइलची प्रायमरी १.५ ओहम निघाली. जुनी अजून टूलबॉक्समध्ये होती : प्रायमरी ३.१ ओहम, सेकंडरी ९ किलोओहम, दोन्ही ठीक. दीड ओहमची कॉइल बाहेर बॅलास्ट रेझिस्टर (प्रवाह आवरणारा वेगळा रोध) असलेल्या गाड्यांसाठी असते. या गाडीच्या वायरिंगमध्ये बॅलास्ट नाही. त्यामुळे पॉइंटांवरून ४ ऐवजी ८ अँपियरपर्यंत प्रवाह जाऊ लागतो. ठिणगी जोरकस दिसते, मालक खूश होतो, आणि थोड्याच दिवसांत पॉइंट जळून पुन्हा गॅरेज. दुकानात '१२ व्होल्टची द्या' म्हटलं तर दोन्ही कॉइली १२ व्होल्टच्याच मिळतात. लेबलावर बाहेरच्या रेझिस्टरचा उल्लेख आहे का ते बघायचं, नाही तर मीटर सोबत न्यायचा. जुनी कॉइल परत बसवली.

चावीकडून येणारा दाब

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलवर नव्या कॉइलसह १०.४ व्होल्ट होते, जुनीसह ११.३. बॅटरीवर १२.४. म्हणजे वाटेत अनुक्रमे २ आणि १.१ व्होल्ट गळत होते. अर्धा व्होल्टच्या वर गळती नको. हे माप पॉइंट मिटलेले असतानाच घ्यायचं, प्रवाह वाहत नसला तर गंजलेल्या जोडातूनही पूर्ण १२.४ दिसतात आणि फसगत होते. सेल्फ मारताना बॅटरीच १०.३ वर येते. त्यातून आणखी एक व्होल्ट गेला तर थंड इंजिनाला ठिणगीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ती सर्वांत अशक्त.

मीटर एकेका जोडावरून पुढं सरकवत नेल्यावर चावीच्या स्विचमागचा जोड सापडला, हिरवा पडलेला. टर्मिनल घासून, पक्कडीनं किंचित आवळून बसवल्यावर गळती ०.३ व्होल्ट.

कॅप आणि रोटर

आता जाड वायर कॅपमध्ये परत घातली. एक नंबरच्या प्लगवर ठिणगी होती, तीन नंबरवर नाही. कॅप उलटी करून उजेडात धरली तर मधल्या कार्बनपासून तीन नंबरच्या पितळेपर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. ओलाव्यातून ठिणगीनं पाडलेली ही वाट. ती ब्लेडनं खरवडणारे भेटतात. दोन दिवस बरं चालतं, मग रेघ आणखी खोल होऊन परतते, कारण कार्बन आता बेकेलाइटच्या आत आहे. कॅप बदलली. या सगळ्या प्रकरणात नवी घालायलाच हवी अशी वस्तू फक्त ही.

रोटरची चाचणी सोपी : कॅप काढून जाड वायरीचं टोक रोटरच्या मधल्या पितळेपासून ४-५ मिमीवर धरायचं आणि चावी ऑन ठेवून पॉइंट हातानं उघडमीट करायचे. ठिणगी रोटरवर सारखी उडू लागली तर रोटर आतून फुटून शाफ्टला अर्थ होतोय. इथं उडाली नाही.

गॅप आणि टायमिंग

पॉइंटची गॅप कॅमच्या (फिरताना पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्याच्या) टोकावर ०.४५ मिमी ठेवली, फिलर गेजनं. गेज नसला की बरेच जण हॅकसॉ ब्लेडचं पान वापरतात. ते ०.६३ मिमीच्या आसपास जाड असतं, प्लगच्या ०.६ गॅपला एक वेळ चालेल, पॉइंटला नाही. एवढी गॅप ठेवली तर पॉइंट मिटलेले राहण्याचा वेळ घटतो, कॉइल पुरती भरत नाही, आणि पॉइंट लवकर उघडल्यानं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढं जातं. सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं ते बऱ्याचदा यामुळे.

चारही टोकांवर गॅप मापली : ०.४५, ०.४४, ०.४५, ०.४१. फरक डेल्कोच्या शाफ्टमध्ये थोडी ढील असल्याचा. ०.०५ च्या आत आहे म्हणून सोडून दिलं. याच्यावर गेला तर पॉइंट कितीही बदलले तरी गॅप टिकत नाही, शाफ्टला नवं ब्राँझ बुश घालावं लागतं. पद्मिनीचा तयार पार्ट शोधत बसण्यापेक्षा बेळगावात उद्यमबागेतल्या लेथवर ते करून घेणं सोपं पडतं, फक्त जुना शाफ्ट सोबत न्यायचा आणि त्याच्या मापानं बुश बोअर करायला सांगायचं.

गॅप बदलली की टायमिंग बदललंच. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर, पुली फिरण्याच्या दिशेनंच खुणेपर्यंत आणून, टेस्ट लॅम्प कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलवर. डेल्को सैल करून लॅम्प नेमका पेटेल तिथं आवळला. कॅमला ग्रीसचं एक टिपूस, तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त दिलं तर ते उडून पॉइंटांवरच बसतं.

प्लग वायरी १-३-४-२ क्रमानं तपासून बसवल्या. पुसून वाळवलेले प्लग घातले, चोक ओढला. तिसऱ्या सेल्फला इंजिन धरलं, मिनिटभर ढेकर दिल्यासारखं चाललं, मग साफ.

नवी कॉइल दुकानदारानं परत घेतली नाही. ती मालकाकडेच आहे, वर खडूनं 'बॅलास्ट' लिहून. जुने पॉइंट घासून, जास्तीचं एक बुश आणि फायबर वॉशर त्यांना दोऱ्यानं बांधून पुन्हा त्याच तंबाखूच्या डबीत घातले आणि डबी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.